सुटली म्हण

पोशा परवा लोंब्या ठेवून गेला. मानपाड्याच्या बाजूला त्याची भातशेती आहे. आश्विनात कापणीचा पहिला विळा चालला की मूठभर लोंब्या आमच्या ओट्यावर आणून ठेवायच्या, हा त्याच्या बापापासूनचा रिवाज. "बाय, नवा आनलाय," एवढं म्हणतो आणि निघतो. पूर्वी ओट्यावर बसून दोन कप चहा प्यायचा, पावसाला शिव्या घालायचा. आता बसत नाही.

या लोंब्या आंब्याच्या पानात गुंडाळून दारावर बांधायच्या असतात. त्याला नवं बांधणं म्हणतात. नव्याच्या पुनवेला घरातल्या कर्त्या पुरुषाने ते बांधायचं आणि मग नव्या तांदळाचा भात ताटात घ्यायचा. आमच्या दारावर गेली आठ वर्षं नवं नाही. लोंब्या मी खिडकीत ठेवते. चार दिवसांत चिमण्या त्यांचा फडशा पाडतात.

डोंबिवलीत आता कापायला शेतं तरी किती उरलीत म्हणा. आमच्या मागच्या खाचरात दोन बंगले उठले, तिसऱ्याच्या पायाचे दगड पडलेत. तरी आश्विनातलं ऊन कडक व्हायला लागलं, दुपारी चतुर घोळक्याने उडायला लागले, की कुठून तरी कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडसर वास येतोच. मला तो सहन होत नाही. आणि एखाद्या दिवशी आला नाही तर मी खिडकीशी जाऊन उभी राहते.

त्या वासात मला स्पिरिटचा वास मिसळलेला येतो. तो माझ्या भावाचा. नाना कल्याणला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, त्यामुळे घरचा कर्ता तोच. मी ठाण्याच्या इस्पितळात नर्स झाले ती त्याच्याच हट्टाने. आई म्हणाली होती, "परक्या पुरुषांची अंगं पुसायची का आता?" नाना म्हणाला, "पुसू दे की. आपलं घर पुसायचा तर तिला कंटाळाच आहे."

इंजेक्शन द्यायला मला इस्पितळात शिकवायच्या आधी नानाने शिकवलं, तेही वांग्यावर. आईने भरल्या वांग्यांसाठी आणलेली अर्धा शेर वांगी आम्ही पाणी टोचून टोचून फुगवली होती. रस्सा इतका पाणचट झाला की आईला बरेच दिवस बाजारातल्या माळणीचा संशय होता. सुया तेव्हा पुन्हा पुन्हा वापरायच्या, म्हणजे बोथट व्हायच्या. नाना त्या बारीक काळ्या दगडावर, तेलाचा थेंब टाकून घासायचा. मग टोक कापसावरून ओढायचा. कापसाचा एक जरी धागा अडकला तरी सुई पुन्हा दगडावर. "धागा अडकला म्हणजे माणसाचं मांसही अडकणार," तो म्हणायचा. माझं पहिलं इंजेक्शन त्याने स्वतःच्या दंडावर घेतलं आणि म्हणाला, "हात हलका आहे गं तुझा, बेबी." त्या शब्दांवर मी कितीतरी दिवस तरंगत होते.

दुसरी एक गोष्ट नानाची सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तो शपथ पाळायचा. लहानपणी आपण सगळेच उठसूट शपथा घालतो आणि 'सुटली म्हण, सुटली म्हण' करत मागे लागतो. ज्याने घातली त्याने 'सुटली' म्हटलं की संपलं. नानाचं तसं नव्हतं. एकदा रागाच्या भरात मी म्हटलं, "डब्यातले लाडू खाल्लेस तर तुला आईची शपथ." आणि मामाकडे निघून गेले. चार दिवसांनी परत आले तर हा डब्यासमोर बसलेला. एकही लाडू कमी झालेला नाही. "आधी सुटली म्हण," म्हणाला. मी हसून लोळले. तो मात्र मी म्हणेपर्यंत थांबला आणि मग दोन्ही हातांनी खायला लागला.

असा माणूस मॉर्फियाच्या नादी लागला. त्याला मुतखड्याचा त्रास होता. एकदा दवाखान्यातच कळ आली, तेव्हा तो जमिनीवर गडबडा लोळला, आणि डॉक्टरांनी त्याला मॉर्फिया टोचलं. त्याच्या दुखण्यावर त्या दिवशी दुसरा उपाय नव्हता. पण कळ गेली तरी ते सुख त्याच्या लक्षात राहिलं, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली तर त्याच्याच कमरेला. किती महिने चाललं कोण जाणे. आश्विनाच्या काहिलीतही हा पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. आम्ही म्हणायचो, कंपाउंडरसाहेबांचा रुबाब बघा.

त्या वर्षी भात ओंबीवर आलं आणि नानाला ताप यायला लागला. संध्याकाळी यायचा, सकाळी घामाने भिजून उतरायचा. फार नव्हता, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण महिन्याभरात त्याची हाडं दिसायला लागली. पोशा म्हणाला, "दादूस कवरा बारीक झायलाय, बाय." शेवटी डॉक्टर घरी आले. नानाला लहानपणी सांधेताप होऊन गेला होता, त्यात हृदयाची एक झडप अधू झालेली, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग नखांखालच्या बारीक लाल रेषा पाहिल्या. मग न विचारता सदऱ्याची बाही वर सरकवली.

मी नर्स. मी त्या हाताला राखी बांधणारी बहीण. आणि ते काळे-निळे डाग, ती गाठाळलेली शीर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. रुग्णांच्या सुया कापसावरून ओढून पाहणारा नाना स्वतःची सुई धड उकळतही नव्हता. घाईत कुठून उकळणार? त्या सुईतून जंतू रक्तात गेले होते आणि अधू झडपेवर जाऊन बसले होते.

"पूर्वी यात कुणी वाचत नसे," डॉक्टर ओट्यावर येऊन मला म्हणाले. "आता पेनिसिलिन आहे. सहा आठवडे, दर चार तासांनी. एक वेळही चुकता कामा नये. तू रजा घे."

पेनिसिलिन मुंबईहून यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत आईने आपलं औषध केलं. नव्याच्या पुनवेच्या सकाळी नाना भिंतीला धरून उठला, दारावर नवं बांधलं, आणि घामाघूम होऊन खाटेवर बसला. आईने उरलेल्या लोंब्या त्याच्या ओंजळीत ठेवल्या. "या अन्नाची शपथ घे. पुन्हा त्या विषाला शिवणार नाहीस." नानाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शिवणार नाही," म्हणाला.

डॉक्टर दुपारी आले ते पेनिसिलिनच्या कुप्या घेऊन, आणि सोबत एक काचेची बारीक नळी. तीत मॉर्फियाच्या इवल्याशा गोळ्या. उकळलेल्या पाण्यात विरघळवून टोचायच्या. "दिवसातून दोनदा," ते म्हणाले. "कागदावर लिहिलंय तसं कमी कमी करत न्यायचं. सहा आठवडे हा खाटेवर राहिला तर जगेल. आणि राहायचा असेल तर हे थोडं दिलंच पाहिजे. आधी हृदय, मग व्यसन. दोन्ही एकदम उपटायला जाऊ नकोस, पोरी. पळून जाईल तो."

ते गेल्यावर आईने ती नळी माझ्या हातातून घेतली. "सकाळी शपथ घेतलीय त्याने. आणि आता तू, सख्खी बहीण, आपल्या हाताने त्याच्या अंगात विष घालणार?" वहिनी दाराशी उभी होती. लग्नाला तीन वर्षं झालेली, घरात कधी आवाज न चढवलेली. ती म्हणाली, "वन्सं, डॉक्टर सांगतात तसंच करू या ना." मी तिला म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?"

आईवर ढकलून मला मोकळं होता येईल. पण खरं ते सांगते. मला नानाचा राग आला होता. ज्याने मला घडवलं तो असा निघाला, याची लाज वाटत होती. चार दिवस हाल होतील, मग सुटेल, शपथेचा माणूस आहे, असा हिशेब मी माझ्याच बुद्धीने केला. आईच्या हातून नळी परत घेऊन मी ती भाताच्या कणगीत खोल खुपसली. आणि संध्याकाळी पेनिसिलिननंतर दुसरी पिचकारी भरली, ती नुसत्या उकळलेल्या पाण्याची.

सहा, दहा, दोन. पुन्हा सहा, दहा, दोन. घर घड्याळावर चालायला लागलं. पितळी पातेल्यात पिचकारी उकळायची, कुपी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची, या वेळची मांडी उजवी की डावी ते आठवायचं. बाहेर पोशाच्या खळ्यावर झोडणी चालू होती. फळीवर पेंढ्या आपटल्याचा तो आवाज सकाळपासून सुरू व्हायचा, आणि आत नाना जांभया देत, नाक-डोळे गळत, अंगावर काटा येऊन कुडकुडत पडलेला. पाय इतके आखडायचे की वहिनी त्यावर बसायची. मॉर्फिया तुटल्याचं हे सगळं मी ओळखत होते. शेजाऱ्यांना सांगायचे, तापाने होतंय. नानाने एकदाही 'दे' म्हटलं नाही. चादरीचं टोक दातांत धरायचा आणि झोडणीचे आवाज मोजायचा.

आणि पेनिसिलिनने गुण यायला लागला. दहाव्या दिवशी संध्याकाळचा ताप आलाच नाही. त्याने नव्या तांदळाचा मऊ भात मेतकूट-तुपाशी खाल्ला आणि आणखी मागितला. आई देवापुढे जाऊन रडली. मला वाटलं, बघा, डॉक्टरांना काय कळतंय. इतकी मी शहाणी.

डॉक्टर दर दोन दिवसांनी कल्याणहून यायचे. माझ्यादेखतच नानाला विचारायचे, "मॉर्फिया वेळेवर मिळतंय ना?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खाली मान घालून पिचकारी पुसायला घेतली. नाना म्हणाला, "मिळतंय. बेबीचं काम चोख असतं." मला वाटलं, याला कळलेलं नाही.

भाऊबीज आली. नाना खाटेवरच उशीला टेकून बसला. मी ओवाळलं तेव्हा त्याने तबकात काय घालावं? तो सुयांचा काळा दगड. रुमालात नीट बांधलेला. "मला आता नको," म्हणाला. "तुला लागेल." व्यसन सुटल्याची ही खूण, असं समजून मी हुरळले. सगळ्यांना दाखवत फिरले.

दोन दिवसांनी, दुपारी दोनचं इंजेक्शन झाल्यावर तो म्हणाला, "झोप जरा. सहापर्यंत वेळ आहे. डोळे बघ कसे झालेत." एकोणीस दिवसांत माझी झोप झाली नव्हती. आई आत पडली होती, वहिनी विहिरीवर. मी भिंतीशी टेकले आणि मेल्यासारखी झोपले. साडेपाचला पिचकारी उकळायला उठले तर खाट रिकामी. चादरीची घडी घातलेली, उशाशी.

पोशाच्या भावाने त्याला कल्याणकडे जाणाऱ्या भाताच्या गाडीवर बसलेलं पाहिलं होतं. "मना वाटला, डाक्टरकडं जातंय," तो म्हणाला. कल्याणच्या दवाखान्यात तो पोचलाच नाही. खडवलीला त्याच्या ओळखीचा एक जुना कंपाउंडर राहायचा, तिथे गेला होता. चौथ्या दिवशी त्या माणसाने घाबरून डॉक्टरांना निरोप पाठवला, आणि डॉक्टर स्वतः जाऊन त्याला घेऊन आले. चार दिवस पेनिसिलिन नाही. ताप पुन्हा चढलेला. दंडावर नव्या खुणा, कुणाच्या कसल्या सुईच्या, देव जाणे.

पेनिसिलिन दुपटीने सुरू झालं. पण डॉक्टरांनी नळी छातीला लावली आणि या वेळी लगेच काढली. झडप फाटली होती. पावलं सुजली, मग पोटऱ्या. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून चार उशा लावून त्याला बसता ठेवायचा. त्या घुसमटीवर डॉक्टर आता स्वतः मॉर्फिया टोचायचे, कारण अशा हृदयाला त्याचाच आराम असतो. आई शेजारी उभी राहून बघायची.

अशाच एका सकाळी, डॉक्टर टोचून गेल्यावर, श्वास जरा संथ झाला तेव्हा त्याने मला जवळ बोलावलं. "बेबी," म्हणाला, "पाण्याचं इंजेक्शन सुद्धा किती हलक्या हाताने द्यायचीस गं."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशीच. कंपाउंडर आहे मी."

"मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?"

"तुला बोलले असते." मग म्हणाला, "आणि शपथ घेतली होती. वाटलं, जमेल. जमत आलं होतं गं."

परत आल्यापासून नाना नव्या तांदळाला शिवत नव्हता. ताट आलं की दोन घोट ताक घ्यायचा आणि सारून ठेवायचा. मी समजत होते, अन्नावरची वासना उडाली. वहिनीच्या बरोबर लक्षात आलं. ती कुणाला न सांगता डब्यातला जुना तांदूळ वेगळा शिजवून पेज करायची, आणि तेवढी तो प्यायचा. ज्या अन्नाची शपथ मोडली ते कसं खाणार? त्या सकाळी तो मला म्हणाला, "आईला सांग, एकदा सुटली म्हण. मला तो भात खायचाय."

मी आईकडे गेले. ती चुलीशी बसली होती. तिने नाही म्हणून मान हलवली. मला तिचा इतका राग आला की मी तिचा हात धरून ओढला. तेव्हा ती म्हणाली, "शपथेनेच बांधून ठेवलाय मी त्याला. सोडली तर जाईल तो." ती दगड नव्हती. तिच्या हातात तेवढी एकच दोरी उरली होती आणि ती ती सोडायला तयार नव्हती, एवढंच. परत खाटेशी आले आणि नानाला सांगितलं, आई झोपलीय. त्याने मान डोलावली. मी तरी म्हणायचं होतं, माझ्या तोंडाने. पण शपथ ज्याने घातली त्यानेच सोडायची असते, आणि नाना असल्या बाबतीत किती काटेकोर, ते मला ठाऊक होतं.

मार्गशीर्षात गेला. कापलेल्या खाचरांत तेव्हा वाल उगवून आला होता.

दहाव्याला खाडीकाठी मामांनी पिंड ठेवला. झाडांवर कावळे होते, पण एकही खाली येईना. ऊन चढत गेलं. मामा हात जोडून म्हणाले, तुझ्या बायकोला सांभाळू. डॉक्टर म्हणाले, बेबीची काळजी करू नकोस. कावळा नाही. बायका अशा ठिकाणी जात नाहीत, पण आई हट्टाने मला घेऊन आली होती, आम्ही लांब बाभळीखाली उभ्या होतो. तिने मला विचारलं, "तांदूळ कुठला घेतलात?" मी म्हटलं, "कणगीतलाच. नवा." तशी ती निघाली, चिखलातून चालत पिंडापाशी गेली आणि पदर पसरून म्हणाली, "सुटली रे बाळा. सुटली. जेव."

कावळा आला. मी नर्स आहे. इतका वेळ झाल्यावर कुठला तरी कावळा येणारच होता, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण त्या दिवशी मी तिथे चिखलात बसून मोठ्याने रडले.

पुढे कणगी उपसताना ती काचेची नळी हाताला लागली. गोळ्या तशाच, एकही कमी नाही. मी ती कल्याणला डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांना सगळं समजलं. नळी उचलून त्यांनी खणात ठेवली. मग म्हणाले, "पहिलं इंजेक्शन माझ्या हातचं होतं, पोरी," आणि उठून हात धुवायला गेले.

आता आमच्या इस्पितळात अधूनमधून तसा कुणी येतो. अफूचा, हातभट्टीचा, क्वचित सुईचा. गेल्याच आठवड्यात एकाची बायको मला गाठून म्हणाली, "सिस्टर, तुमी यांना शपथ घाला, तुमचं आयकतील." तिला मी बाकावर बसवलं आणि म्हटलं, "शपथ नको घालू. डॉक्टर देतील ते घेऊ दे, आणि तू त्याच्याजवळ बस." तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्याची सुई मी त्या काळ्या दगडावर घासली, कापसावरून ओढून पाहिली, आणि कागदावर लिहिलं होतं तेवढं औषध त्याला दिलं. थेंबभरही कमी नाही.

वहिनी कल्याणला शाळेत शिकवते. भाऊबीजेला येते, माझ्याशी चांगलं बोलते. तिच्या चांगुलपणाचाच मला धाक वाटतो.

आई आता थकली आहे. परवा पोशा गेल्यावर ती खिडकीशी आली, लोंब्या हातात घेतल्या आणि दरवर्षी विचारते तेच तिने विचारलं. "बेबी, मी तेव्हाच सुटली म्हटलं असतं, तर राहिला असता का गं?"

शब्दाने काही झालं नसतं, हे मला माहीत आहे. कशाने झालं असतं, तेही माहीत आहे. ते तिला सांगायचं, तर शपथेबरोबर पाण्याच्या त्या इंजेक्शनांचंही ओझं तिच्या म्हातारपणावर टाकायचं. नानाने डॉक्टरांसमोर जसा बिनधास्त आवाज लावला होता तसाच मी लावते. "नाही गं आई. आधीच फाटली होती झडप. काही केलं असतं तरी नसता राहिला."

ती मान डोलावते. लोंब्यांवरून एकदा हात फिरवते, त्या खिडकीत ठेवते, आणि आत जाऊन जुन्या तांदळाचं आधण चढवते.